पाण्याचा उत्सर्ग आणि गावाची वेस

पाण्याच्या व्यवस्थापनात स्थानिक लोकांना सामील करून घेतले पाहिजे, या विधानाला आज उघड विरोध करणारा कोणी उरलेला नाही. शासनाची धोरणे ते मान्य करतात, स्वयंसेवी संस्था त्याचा पुरस्कार करतात आणि ग्रामसभेच्या ठरावांतही ते येते. सर्वमान्यतेमुळेच त्यात दडलेला प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. लोकांना सामील करायचे ते कशात, चर खणण्याच्या कष्टात, पाणीपट्टीच्या खर्चात, की पाणी कोणाला किती मिळावे या निर्णयात? आणि ज्यांना ‘लोक’ म्हणायचे त्यांत कोणाकोणाची गणना होते? वरवर पाहता हा कारभाराचा प्रश्न वाटतो, पण मुळात तो स्वामित्वाचा, म्हणजे एखादी वस्तू आपली म्हणण्याचा अधिकार कोठून येतो आणि कोठे संपतो याचा, तात्त्विक प्रश्न आहे. धर्मशास्त्रकारांनी तो विहिरी आणि तळ्यांच्या संदर्भात फार पूर्वी हाती घेतला होता, आणि त्यांनी दिलेल्या उत्तराचे मोठेपण व त्या उत्तराचे अपयश ही दोन्ही महाराष्ट्राच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

धर्मशास्त्रात पुण्यकर्मांचे दोन वर्ग मानले आहेत. अग्नीत आहुती देऊन केलेली यज्ञादी वैदिक कर्मे म्हणजे ‘इष्ट’, आणि विहिरी, तळी, देवालये, बागा, अन्नछत्रे अशी लोकांच्या उपयोगाची कामे म्हणजे ‘पूर्त’. ही दोन्ही कर्मे श्रद्धेने आणि न्यायाने मिळवलेल्या धनातून करावीत, असे मनुस्मृती सांगते. स्मृतिकारांनी शूद्राला इष्टाचा अधिकार नाकारला, परंतु पूर्ताचा अधिकार दिला. म्हणजे तळे बांधण्याचे पुण्य ज्यांना मिळू शकत होते त्यांचे वर्तुळ यज्ञाच्या वर्तुळापेक्षा बरेच मोठे होते. या विषयाचा विस्तार करणाऱ्या ग्रंथकारांत मराठी मुलखाशी नाते असलेले पंडित ठळकपणे दिसतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री असलेल्या हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला, त्यात दानाला स्वतंत्र खंड दिला. आणि पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाने सतराव्या शतकात लिहिलेल्या बारा ‘मयूखां’पैकी एक संपूर्ण मयूख ‘उत्सर्ग’ या एकाच विषयाला वाहिलेला आहे.

उत्सर्ग आणि दान यांत शास्त्रकारांनी केलेला भेद या विवेचनाच्या दृष्टीने कळीचा आहे. दानात देणारा आपले स्वामित्व सोडतो आणि ते घेणाऱ्याच्या ठिकाणी उत्पन्न होते. म्हणून दानाला प्रतिग्रह, म्हणजे कोणीतरी ते स्वीकारणे, आवश्यक असते आणि दिलेली वस्तू दात्याला पुन्हा वापरता येत नाही. उत्सर्गात देणारा स्वामित्व सोडतो, पण ते अमुक एकाला देत नाही. सर्व भूतांसाठी, म्हणजे प्राणिमात्रासाठी, तो ते सोडून देतो. यातून निघणारा निष्कर्ष शास्त्रकारांनी धीटपणे स्वीकारला आहे. ज्याने तळे खोदले तो उत्सर्गानंतर त्या तळ्याचा धनी राहत नाही, तरी ‘सर्वां’मध्ये तोही येत असल्याने त्याला त्या पाण्यावर इतरांइतकाच हक्क राहतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या भेदाची चर्चा केली आहे. मालकी संपते आणि उपभोग उरतो, दाता आपल्याच तळ्यावर अनेकांतला एक होऊन पाणी पितो, ही कल्पना साधी दिसत असली तरी तिच्यात मालकीहक्काचा एक वेगळाच विचार आहे, आणि आजच्या पाणीवाटपाच्या चर्चेला तिच्याइतकी उपयोगी पडणारी दुसरी संकल्पना परंपरेत सापडणे कठीण आहे.

या विचाराला विधीचे रूपही मिळाले होते. नव्या तळ्याच्या काठी होम करावा, गाईला पाण्यात उतरवून पैलतीरी न्यावे, यजमानाने तिचे शेपूट धरून तिच्या मागोमाग पाण्यातून जावे आणि मग ते पाणी सर्वांसाठी सोडल्याचे उच्चारावे, असा क्रम गृह्यसूत्रांच्या परिशिष्टांतून व पुढील निबंधग्रंथांतून येतो. यजमानाच्याही आधी एक मुका प्राणी त्या पाण्यात उतरतो. ‘सर्व भूते’ हा शब्द शोभेसाठी वापरलेला नाही, हे या तपशिलावरून ध्यानात यावे.

ज्या तळ्याचा उत्सर्ग झालेला नाही त्याविषयीचा नियम तर अधिकच बोलका आहे. परक्याच्या पाण्यात स्नान करायचे झाल्यास आधी तेथून मातीचे पाच पिंड बाहेर काढावेत, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. आणि ‘परक्याचे पाणी’ म्हणजे सर्व प्राण्यांसाठी न सोडलेले पाणी, असा खुलासा मिताक्षरा या टीकेत विज्ञानेश्वराने केला आहे. नियमाचे शास्त्रोक्त प्रयोजन पापपुण्याचे आहे, कारण अशा पाण्यात स्नान करणाऱ्याला मालकाच्या पापाचा अंश चिकटतो अशी समजूत त्यामागे होती. तथापि प्रत्येक स्नान करणारा तळातला पाच ढेकळे गाळ काढून काठावर टाकतो, या आचाराचा भौतिक परिणाम कोणाच्याही लक्षात येण्यासारखा आहे. पाण्याचा उपयोग घेणाऱ्याने त्या पाण्याच्या निगराणीचा थोडा भार उचलावा, ही अपेक्षा येथे आचारातच गुंफलेली आहे. तिच्यासाठी वेगळी समिती नेमावी लागत नाही.

राजनीतीच्या बाजूने हाच विषय कौटिल्याने हाताळला, आणि त्याची भाषा पुण्याची नसून हिशेबाची आहे. अनेकांनी मिळून बांध घालायचा ठरला असता जो त्यातून अंग काढून घेईल त्याचे मजूर व बैल कामाला लावावेत, खर्चाचा वाटाही त्याच्याकडून घ्यावा, मात्र लाभातला अंश त्याला देऊ नये, असे अर्थशास्त्र सांगते. नवे तळे किंवा बांध उभारणाऱ्याला पाच वर्षांची आणि मोडलेले काम पुन्हा उभे करणाऱ्याला चार वर्षांची करमाफीही त्यात सांगितली आहे. धर्मशास्त्राने त्यागाची प्रेरणा दिली आणि अर्थशास्त्राने सक्तीची व सवलतीची चौकट दिली. या दोन्हींत एक गोष्ट अध्याहृत राहिली: ज्यांनी मिळून बांधायचे आणि ज्यांच्यासाठी सोडायचे ते ‘सर्व’ कोण, हे सांगण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

ते न सांगण्याची किंमत महाडच्या चवदार तळ्यावर सर्वांसमोर आली. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले असल्याचा ठराव केला, आणि तरीही त्या पाण्याला हात लावण्याची अस्पृश्यांना सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने जाऊन तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले आणि पुढे तळ्यातून घागरी भरून पाणी काढून, त्यात पंचगव्य मिसळून, मंत्रघोषात ते परत ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. अन्य धर्मांचे लोक त्या तळ्यावर येत होते, गुरेढोरेही पाणी पीत होती. ज्या परंपरेने गाईला आधी पाण्यात उतरवून ते सर्व भूतांसाठी सोडले, तिच्याच वारसांनी माणसांच्या स्पर्शाने ते बाटते असे ठरवले, आणि बाटलेले पाणी पुन्हा शुद्ध करण्यासाठी गाईचीच द्रव्ये वापरली. उत्सर्गाच्या विधीची इतकी भीषण उलटापालट कोणत्याही टीकाकाराला कल्पनेने रचता आली नसती.

महाडचे महत्त्व एका शहराच्या एका तळ्यापुरते नाही. तो पाण्यासाठी केलेला सत्याग्रह असला तरी तहान भागवणे हा त्याचा हेतू नव्हता. आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आपण तेथे जात आहोत, असे आंबेडकरांनी स्पष्ट केले होते. पाण्याच्या काठावर कोणाला उभे राहता येते यावरून समाजात कोणाची गणना होते ते ठरते, हे त्यांनी ओळखले होते. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्या कृतीचा अर्थही हाच. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर तो खराखुरा उत्सर्ग होता, आणि तो कोणत्याही मंत्रावाचून झाला. महाडच्या स्पृश्यांनी पुढे न्यायालयात अनादी रूढीचा आधार घेतला, तेव्हा अशी रूढी सिद्ध झालेली नाही असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये दिला. पाणी प्यायल्यापासून त्या निर्णयापर्यंत दहा वर्षे गेली.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावा लागतो. सर्वांसाठी सोडलेले पाणी पिण्यापुरते ठीक आहे. शेतीच्या पाण्याला तो न्याय कसा लावणार? तहान भागवण्याला लागणारे पाणी थोडे असते आणि एकाने प्याल्याने दुसऱ्याचे फारसे अडत नाही, पण सिंचनाचे पाणी एकाच्या शेतात गेले की दुसऱ्याच्या शेतात जात नाही. तेथे मर्यादा लागते, पाळी लागते, आणि पाळी लावायची तर पाळीत कोण आणि पाळीबाहेर कोण हे ठरवावे लागते. सामाईक साधनांच्या जगभरच्या व्यवस्थांचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये जे निष्कर्ष मांडले, आणि ज्या कामासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांतला पहिलाच असा आहे की दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत सभासदांची आणि साधनाची सीमा स्पष्ट असते. म्हणजे उत्सर्गाला सीमा मान्य नाही, आणि सीमेवाचून व्यवस्था टिकत नाही. पाण्याच्या लोकव्यवस्थापनाचा तात्त्विक पेच तो हाच, आणि तो टाळून केलेली लोकसहभागाची सर्व चर्चा पोकळ ठरते.

सीमा आखून पाणी उत्तम रीतीने कसे वाटता येते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे नाशिक व धुळे जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर चालत आलेली फड पद्धती. ती ३०० ते ४०० वर्षे जुनी मानली जाते. नदीवर दगडी बंधारा घालून पाटाने पाणी काढायचे आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग, म्हणजे फड, पाडायचे. एका फडात त्या हंगामात एकच पीक घ्यायचे, आणि कोणत्या फडात कोणते पीक हे शेतकऱ्यांनी बसून ठरवायचे. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात असते, त्यामुळे ऊस कोणत्याही फडात गेला तरी तो कोणा एकाच्याच वाट्याला जात नाही, आणि पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली तर तोटाही सर्वांचा मिळून होतो. शेताला पाणी शेतकरी स्वतः देत नाही. ते काम पाटकऱ्याचे, राखणीचे काम जागल्याचे, आणि त्यांची मजुरी सर्वांनी मिळून द्यायची. आपल्या बांधावर उभे राहून थोडे जास्त पाणी वळवून घेण्याचा मोह जिथे निर्माणच होणार नाही अशी ही रचना आहे, आणि माणसाच्या स्वभावाची तिला असलेली जाण कोणत्याही नीतिग्रंथाहून कमी नाही. उरलेले पाणी सांडीवाटे पुन्हा नदीला मिळते आणि खालच्या बंधाऱ्याला जाते.

तथापि फडाची सीमा जमिनीची आहे. ज्याची जमीन पाटाखाली तो फडकरी. पाटकरी आणि जागल्या हे व्यवस्थेचा कणा असले तरी ते मजूर म्हणून तिच्यात असतात, पाण्याचे वाटेकरी म्हणून नाही. गोव्यातील खाजन जमिनी, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती, आणि भरतीचे पाणी अडवणारी ‘मानस’ ही दारे ज्या गांवकऱ्यांनी, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थांनी, शतकानुशतके सांभाळली, त्यांची सीमा वंशाची होती. मूळ वसाहत करणाऱ्यांचे पुरुष वंशज तेवढे गांवकर, बाकीचे गावात राहूनही गांवकरीबाहेर. या व्यवस्थांचे गुणगान करताना, त्या मोडल्याबद्दल हळहळताना, या बाजूकडे डोळेझाक करणे सत्याला धरून होणार नाही. परंपरेने एकीकडे सीमा नसलेला आदर्श दिला, पण त्याला सांभाळणारी संघटना दिली नाही. दुसरीकडे संघटना दिली, पण ती जमीन, वंश आणि जात यांच्या कुंपणात बसवली.

हे कुंपण आजही उभे आहे, फक्त त्याचे रूप बदलले आहे. पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर सलग समतल चर खणले जातात, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीच्या रेषेत लांबवर जाणारे चर. पावसाचे पाणी त्यांत थांबते, मुरते आणि कालांतराने खालच्या विहिरींना फुटते. वर चर खणणाऱ्यांत बहुधा भूमिहीन मजूर असतात, त्यांत बायका मोठ्या संख्येने असतात, श्रमदान म्हणून किंवा रोजगार म्हणून. खाली ज्या विहिरीचे पाणी वाढते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याची असते. डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी लागू होते, तेव्हा ज्यांच्या घरी दोन शेळ्यांपलीकडे काही नाही त्यांच्या शेळ्यांचा चारा जातो. पावसाचा जो थेंब तिने खणलेल्या चरात थांबला त्यावर चर खणणाऱ्या बाईचा काही हक्क उत्पन्न होतो का? कौटिल्याच्या नियमाने पाहिले तर ज्याने काम केले नाही त्याला अंश नाही. त्याच नियमाची दुसरी बाजू, की ज्याने काम केले त्याला अंश आहे, ती या बाईपर्यंत का पोहोचू नये, याचे समाधानकारक उत्तर लोकसहभागाच्या कोणत्याही पुस्तिकेत मिळत नाही. श्रमदान हा शब्दच येथे तपासून घ्यावा लागतो, कारण दानात घेणाऱ्याची मालकी उत्पन्न होते. श्रमिकाचे दान जमीनधारकाच्या मालकीत जमा होते, सर्वांसाठी सुटत नाही.

या पेचातून बाहेर पडण्याचा सर्वांत धाडसी विचार पुरंदर तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात तेथील परिस्थिती पाहून विलासराव साळुंखे या अभियंता उद्योजकाने नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन कराराने घेऊन मृद्‌संधारणाचे व पाणी अडवण्याचे प्रयोग सुरू केले, ग्रामगौरव प्रतिष्ठान ही संस्था उभी केली, आणि त्यांतून ‘पाणी पंचायत’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत आकाराला आली. तिचे नियम थोडे होते आणि प्रत्येक नियमामागे एक तत्त्व होते. योजना एकट्यासाठी नाही, गटासाठी घ्यायची. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवायचा, माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतका. उसासारखे पाणीखाऊ पीक घ्यायचे नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, तो गटाकडे परत येतो. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा असतो. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा, ही अटही तितकीच महत्त्वाची होती, कारण फुकट मिळालेल्या पाण्याला कोणी धनी राहत नाही आणि पोशिंदाही राहत नाही.

भूमिहीनाला पाण्याचा वाटा देण्यात हसण्यासारखे काय आहे, असे आज वाटेल. परंतु ज्याच्याकडे भिजवायला जमीन नाही त्याला पाणी कशाला, हा प्रश्न तेव्हा गंभीरपणे विचारला जात होता आणि अजूनही विचारला जातो. उत्तर व्यवहारात सापडते. ज्याच्याकडे पाणी आहे तो जमीनवाल्याशी वाट्याने शेती करू शकतो, कोरडी जमीन खंडाने घेऊ शकतो, आणि मुख्य म्हणजे पाणी वाटण्याच्या बैठकीत हात जोडून न उभे राहता हक्काने बसू शकतो. हा नियम सगळ्या योजनांत सारखा उतरला नाही, तो अनेक ठिकाणी कागदावर राहिला, हे मान्य करूनही त्यातला विचार लहान होत नाही. सीमा येथेही आहे, सभासद येथेही मोजलेले आहेत; पण मोजण्याचे माप जमीन, वंश किंवा जात यांपैकी काही नसून माणूस हे आहे. ऑस्ट्रॉम यांनी सांगितलेली स्पष्ट सीमा आणि शास्त्रकारांनी सांगितलेले स्वामित्वविसर्जन या दोन विरुद्ध वाटणाऱ्या गोष्टी एका नियमावलीत बसू शकतात, हे पाणी पंचायतीने दाखवले. तिच्यातला जमीनधारक उत्सर्ग करणाऱ्या यजमानाच्या जागी आहे: ज्या पाण्यावर तो जमिनीच्या बळावर हक्क सांगू शकला असता ते त्याने गटात सोडले, आणि आता त्याला त्यात वाटा मिळतो तो गटातला एक माणूस म्हणून. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील तांदुळवाडी येथे येरळा नदीवर १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर लोकांनी उभारलेल्या बळीराजा स्मृती धरणातही समन्यायी पाणीवाटपाचे, भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला वाटा देण्याचे, हेच तत्त्व होते. आणि नदीतील वाळूच्या विक्रीतून धरणाचा खर्च उभारण्याचा तेथील लोकांचा आग्रह नदीच्या संपत्तीवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न सरळ राज्यसंस्थेपुढे नेणारा होता.

राज्याच्या कायद्याने मात्र या दिशेने पाऊल टाकलेले नाही. २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणीवापर संस्थांना कायदेशीर पाया दिला, मोजून पाणी देण्याची आणि संस्थेने आत ते वाटून घेण्याची पद्धत रूढ केली, आणि नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात त्याआधीपासून चाललेल्या संस्थांच्या कामाने हे शक्य असल्याचे सिद्धही केले होते. पण या संस्थेचा सभासद होण्याचा रस्ता लाभक्षेत्रातील जमिनीवरून जातो. ज्याच्या नावावर जमीन नाही, आणि ग्रामीण महाराष्ट्रात बहुसंख्य शेतकरी स्त्रियांच्या नावावर ती नाही, तो पाणी वाहून आणतो, पिकाला देतो, आणि पाण्याच्या संस्थेबाहेर राहतो. लोकसहभागाचा कायदा करताना ‘लोक’ आणि ‘खातेदार’ हे समानार्थी धरले गेले, हा त्या कायद्याचा मूळ दोष आहे.

भूजलाच्या बाबतीत प्रश्न याहून बिकट होतो. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा, आहे. या खडकात पाणी साठते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत, त्यामुळे येथील जलधर, म्हणजे जमिनीखालचे पाणी धरून ठेवणारे थर, बहुधा लहान आणि स्थानिक असतात. एका गावाचे किंवा दोनतीन गावांचे मिळून एक भांडे असावे तसे ते असतात, आणि एकाने खोल विंधण विहीर घेतली की शेजाऱ्याची विहीर आटते. असे असूनही १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात रुजलेला विचार, की आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याला जमीनमालक मोकळा आहे, लोकांच्या मनात आणि व्यवहारात घट्ट बसला आहे. येथे उत्सर्गाची कल्पना सर्वाधिक कसोटीला लागते, कारण तळे खोदणाऱ्याने निदान काहीतरी निर्माण केलेले असते आणि निर्माण केलेले तो सोडत असतो. विंधण विहीर घेणाऱ्याने पाणी निर्माण केलेले नसते, त्याने फक्त ते आधी गाठलेले असते. जे आपण केलेच नाही ते सोडण्याला त्याग तरी म्हणावे काय? ते तर मुळात आपले नसल्याची कबुली आहे. ईशोपनिषदाचा पहिला मंत्र जे जगाविषयी सांगतो, की सर्व काही ईश्वराने व्यापलेले असल्याने त्याग करूनच त्याचा उपभोग घ्यावा, ते भूजलाच्या संदर्भात निव्वळ भूशास्त्रीय सत्य होऊन बसते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे सत्य नियमात उतरवले. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने सिंचनासाठी विंधण विहिरी न घेण्याचे ठरवले, ऊस व केळीसारखी पिके वर्ज्य केली, आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची प्रथा पाडली. किती पाऊस पडला, किती पाणी मुरले, किती उपलब्ध आहे, हे आधी सर्वांसमोर येते. मग त्यातून माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढले जाते, काही पाणी पुढच्या काळासाठी जमिनीतच राहू द्यायचे ठरते, आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात याचा विचार होतो. पाऊस कमी झाला तर पेरा बदलतो. शास्त्रकारांच्या ‘सर्व भूतां’मध्ये जनावरे होती, पुढच्या काळासाठी जमिनीत राहू दिलेल्या पाण्याने अजून न जन्मलेल्यांनाही त्या ग्रामसभेत जागा मिळते, आणि तेथे नसलेल्यांच्या वतीने कोणीतरी आपल्या पिकाचा हट्ट सोडलेला असतो. मात्र त्या ताळेबंदात भूमिहीनाचा रकाना कोणता, हे प्रत्येक गावाला वेगळे विचारावे लागते, कारण पिण्याच्या पाण्यात त्याची गणना झाली म्हणजे शेतीच्या पाण्यातली गणना आपोआप होत नाही. आणि ती व्हावी असा नियम ज्या गावाने केला, त्या गावाला ज्याच्या विहिरीला सर्वांत जास्त पाणी आहे त्याच्याशी आधी बोलावे लागले आहे.